तळ्याच्या मधोमध गरगर फिरणारं हे पाखरू कोणतं?

शिवारातला | रविवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगड समोर दिसतो अशा शिवारात आमचं गाव आहे. खालच्या अंगाला जुनं तळं आहे. त्याच्या एका बाजूला भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला धुण्याचा घाट. काल रात्री उत्तरा नक्षत्राचा पाऊस चांगलाच लागला. आज सकाळी उद्यमबागेतली रात्रपाळी संपवून येताना सवयीनं तळ्यावर थांबलो, तर पाण्याच्या मधोमध एक पाखरू एकटंच पोहत होतं.

चिमणीपेक्षा मोठं, साळुंकीपेक्षा लहान. पोट पांढरं, पाठ काळपट. डोळ्याच्या मागं काजळ ओढल्यासारखा काळा डाग. आणि ते जागच्या जागी फिरत होतं. दहा-पंधरा गिरक्या घ्यायचं, जरा थांबायचं, चार हात पुढं सरकायचं, की पुन्हा गिरक्या.

मला वाटलं, याला काहीतरी झालंय. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झालेत, हारांचे दोरे अजून पाण्यावर तरंगतायत. पायात दोरा अडकला असेल, नाहीतर कुणी औषधाचा डबा तळ्यात धुतला असेल. आई घाटावर होती, तीही म्हणाली, "त्याला भोवळ आल्यागत झालंय बघ गा, कवापासनं फिरूलालंय."

फोटो मोबाईल दुर्बिणीच्या भिंगाला लावून काढलाय, त्यामुळं धूसर आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हे पाखरू कोणतं? आणि पाण्यात उतरून त्याला धरून जनावरांच्या डॉक्टरकडं न्यावं का? मला पोहता येतं.

---

टिबुकली | रविवार, सकाळी ९.३०

दादा, कृपा करून पाण्यात उतरू नका. आजारी असेल तर पाठलागानं आणखी दमेल, आणि धडधाकट असेल तर विनाकारण उडून जाईल. आधी लांबूनच नीट बघा आणि एवढं सांगा:

चोच कशी आहे? जाड, बारीक, सरळ की वाकडी?
पाठीवर रेघा आहेत की सगळी एकसारखी?
गिरक्या घेताना मान सरळ असते की लुळी पडते?
खातंय का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विषबाधा झालेला पक्षी सहसा खात नाही.

---

खानापूरकर | रविवार, सकाळी ९.४१

फोटोवरून टिलवा वाटतो. सप्टेंबरात आमच्या मलप्रभेच्या काठी टिलव्यांचे थवे उतरतात, आकारही एवढाच असतो. नाहीतर शेकाट्याचं पिल्लू असेल. पिल्लं घाबरली की पाण्यात शिरतात.

---

शिवारातला | रविवार, सकाळी ११.०५

टिबुकलीताई, झोपायचं सोडून परत जाऊन आलो. तुमच्या प्रश्नांची उत्तरं:

चोच काळी, सरळ, सुईसारखी बारीक. पाठीवर रेघा आहेत असं वाटतं, पण पक्कं सांगता येत नाही. मान ताठ. आणि खातंय! प्रत्येक गिरकीत दोन-तीनदा चोच पाण्याला टेकवतंय, टिप टिप टिप, शिवणयंत्राच्या सुईसारखं. म्हशी पाण्यात उतरल्या तेव्हा उडालं, चक्कर मारून परत तिथंच बसलं. पंखावर पांढरा पट्टा दिसला.

खानापूरकर, टिलवे मी बघितलेत, ते कडेच्या चिखलात पळतात. हे कडेला येतच नाही. पाण्यावर बुचासारखं वर वर तरंगतंय. शेकाट्याचे पाय लांब, त्याचं पिल्लू असं बदकासारखं बसणार नाही.

---

कोल्हापुरी_दुर्बीण | रविवार, दुपारी १२.२०

शिवारातला, बसून घ्या. तुमच्या तळ्यात फॅलरोप आलाय. लाल मानेचा फॅलरोप. इतकी वर्षं रंकाळा आणि कळंबा फिरतोय, तरी हा पक्षी मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच दिसलाय.

त्याला भोवळ आलेली नाही, ते त्याचं जेवण चाललंय. पाण्याच्या वरच्या थरातले किडे संपले की हा जागेवर गिरक्या घेतो. पायांनी पृष्ठभागाचं पाणी बाहेर लोटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी वर येतं. त्या पाण्याबरोबर डासांच्या अळ्या, पाणपिसवा, बारीक जीव वर येतात आणि हा ते टिपतो. वेग साधारण सेकंदाला एक गिरकी.

टिलवे, तुतारी यांच्याच मोठ्या गोतावळ्यातला हा पक्षी, पण बाकीचे चिखलात चालत खातात आणि हा पोहतो. त्यासाठी त्याच्या बोटांना झालरीसारखे पडदे असतात. आपल्या वारकरी पक्ष्याच्या, म्हणजे चांदव्याच्या, बोटांना असतात तसेच. 'फॅलरोप' या नावाचा ग्रीक अर्थच 'वारकऱ्याच्या पायाचा' असा होतो. पोटाखालची पिसं इतकी दाट की त्यात हवा अडकून राहते, म्हणून तुम्हाला तो बुचासारखा वाटला. वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, लिंबाहूनही कमी.

वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात. आणि हिवाळा कुठे काढतो? जमिनीवर नाहीच. उघड्या समुद्रावर. उत्तर युरोप आणि रशियाकडचे फॅलरोप जमीन ओलांडून अरबी समुद्रावर येतात, ओमानसमोर त्यांचे मोठमोठे थवे असतात. तुमचा पाहुणा समुद्राकडे निघालाय. कालच्या पावसात ढगांत सापडला असणार आणि खाली पाणी चमकलं तिथं उतरला.

नेमकं वेगळेपण तुमच्या आईंनीच टिपलंय. रंग फसवतात, पण असं फिरणारं दुसरं पाखरू आपल्या तळ्यांवर नाही.

---

शिवारातला | रविवार, दुपारी १२.३४

वाचून अंगावर काटा आला. ध्रुवाकडून आमच्या तळ्यात! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्या लांबनं आलंय तर जेवू दे की त्याला निवांत."

---

निपाणीकर | रविवार, दुपारी २.१५

ओळख फॅलरोपची आहे यात शंका नाही. पण फॅलरोप तीन जातींचे. विल्सनचा अमेरिकेतला, त्याच्या डोळ्यामागे असा काळा डागही नसतो, त्यामुळे तो सोडून देऊ. मात्र 'लाल फॅलरोप' हाही समुद्रावर हिवाळा काढणाराच. हिवाळी पिसाऱ्यात दोघेही करडे-पांढरे आणि दोघांच्याही डोळ्यामागे काळा डाग. धूसर फोटोत मला चोच थोडी जाड दिसतेय. 'लाल मानेचा' असं इतक्या लवकर लिहून टाकू नये असं माझं मत आहे. चुकीची नोंद एकदा गेली की ती वर्षानुवर्षं फिरत राहते.

---

कोल्हापुरी_दुर्बीण | रविवार, दुपारी ३.०२

निपाणीकर, हरकत रास्त आहे, मी घाई केली. फरक असा: लाल फॅलरोप थोराड, चोच जाड, बरेचदा बुडाशी पिवळसर, आणि हिवाळ्यात पाठ सपाट राखाडी. लाल मानेच्याची चोच सुईसारखी आणि पाठीवर रेघा.

शिवारातला, आता सगळं तुमच्या पाठीवर, म्हणजे त्याच्या पाठीवर आहे. संध्याकाळी सूर्य पाठीमागे ठेवून उभे राहा आणि फक्त पाठ बघा. फोटो नाही आला तरी चालेल, पण बघितलेलं तिथंच वहीत लिहा. घरी येऊन लिहू नका. घरी येईपर्यंत डोळ्यांनी बघितलेल्यात वाचलेलं मिसळतं.

---

शिवारातला | रविवार, रात्री ८.५०

संध्याकाळी पावणेपाच ते साडेपाच बघितलं. शेजारच्या पोराचा झूम कॅमेरा मागून घेतला होता, तीन फोटो लावतोय. वहीतलं जसंच्या तसं:

"पाठ काळपट तपकिरी. दोन्ही बाजूंनी सोनेरी-पिवळट रेघा, शेपटीकडं जुळत जाणाऱ्या. डोकं वरून काळं. कपाळ पांढरं. छातीच्या बाजूला फिकट मळकट रंग. चोच डोक्याच्या लांबीएवढी, टोकाला अगदी केसासारखी. चोचीला पिवळं कुठंच नाही. एका मिनिटात ५१ गिरक्या, सगळ्या डावीकडून. दुसऱ्यांदा मोजलं तेव्हा ४७. टिबुकल्यांच्या जोडीजवळ गेला, त्यांनी हाकललं नाही. घार वरून गेली तेव्हा पाण्याला चिकटून स्तब्ध."

गेली सहा वर्षं या तळ्यावरून जातोय. अडई, हळदीकुंकू बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, उन्हाळ्यात चमचे, सगळं बघितलंय. पण एका पाखराकडं पाऊण तास बघत उभा राहिलो, असं आज पहिल्यांदाच झालं.

---

निपाणीकर | रविवार, रात्री ९.१०

फोटो उत्तम, वही त्याहून उत्तम. माझी शंका फिटली. लाल मानेचाच. अभिनंदन!

---

कोल्हापुरी_दुर्बीण | रविवार, रात्री ९.३८

आणि हे बघा, त्या सोनेरी रेघांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हा मोठा पक्षी नाही, यंदाचंच पिल्लू आहे. याच जून-जुलैत अंड्यातून निघालेलं. वय अडीच-तीन महिन्यांच्या आत.

फॅलरोपांत घरदार उलटं असतं. मादी रंगानं उजळ आणि थोडी मोठी, नर फिका. नरासाठी माद्या भांडतात. मादी बहुधा चार अंडी घालते आणि निघून जाते, कधी दुसऱ्या नराशी जोडी करते. तीनेक आठवडे अंडी उबवायची आणि पिल्लं राखायची, सगळं बापाकडे. पिल्लं पहिल्याच दिवशी चालतात, पोहतात. मग परतीच्या वाटेला आधी माद्या, नंतर बाप, आणि सगळ्यांत शेवटी पिल्लं.

म्हणजे तुमच्या तळ्यातल्या या पोराला वाट दाखवायला कुणी नव्हतं. समुद्र त्यानं अजून बघितलेलाही नसेल.

---

वेंगुर्ल्याचो | रविवार, रात्री १०.०४

दर्यातला पाखरू तुमच्या तळयात कित्याक इला म्हणान वाचूक घेतलंय!

आमच्याकडं ही पाखरं किनाऱ्यावरून दिसत नाहीत. खोल पाण्यात बोट गेली की कधीमधी दिसतात, पाण्यावर मूठभर तांदूळ उधळल्यासारखी. आम्ही त्यांना वेगळं नाव देत नाही. पण जाणती माणसं म्हणतात, ती बसतात तिथं पाण्याला धार असते. दोन प्रवाह मिळतात तिथं फेसाची, कचऱ्याची रेघ तयार होते, त्या रेघेवर ही बसतात. खाणं तिथंच गोळा होतं, असं असणार.

बेळगावातून आमचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तुमचा पाहुणा अगदी उंबऱ्यावर येऊन थांबलाय.

---

विज्ञानाची_बाई | सोमवार, सकाळी ७.२५

मी सीमाभागातल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. शिवारातला, तुमच्या 'शिवणयंत्राच्या सुई'वरून मला एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तिचा तुमच्या तळ्याशी थेट संबंध आहे.

या पक्ष्याची चोच खाली पाण्याकडे, घसा वर. चोच इतकी बारीक की पाणी ओढून घ्यायला जागा नाही. मग टोकाला टिपलेला जीव घशापर्यंत चढतो कसा? मनु प्रकाश, डेव्हिड केरे आणि जॉन बुश या तिघांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात याचं उत्तर दिलं. चोचीच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब अडकतो, त्या थेंबात तो जीव असतो. पक्षी चोच किंचित उघडतो-मिटतो, चिमट्यासारखी. मिटताना थेंबाची घशाकडची कड पुढे सरकते, उघडताना मागची कड ओढली जाते. प्रत्येक उघडझापीत थेंब एकेक पायरी वर चढतो. हे सगळं पृष्ठताणाच्या जोरावर. सातवी-आठवीच्या मुलांना आम्ही पाण्यावर टाचणी तरंगवून दाखवतो ना, तोच पृष्ठताण.

आता मुद्दा. या युक्तीला पाणी स्वच्छ लागतं. साबण पृष्ठताण मोडतो. तेलाचा तवंग चोचीला लागला की थेंब धरण्याचं तिचं गणितच बिघडतं. त्या संशोधनातही हा धोका सांगितलेला आहे. तळ्यात अन्न भरपूर असलं तरी पृष्ठभागावर साबण-तेल असेल तर ते घशापर्यंत चढायचं नाही.

तुमच्या तळ्यावर धुण्याचा घाट आहे असं तुम्हीच लिहिलंय. मी कुणाला दोष देत नाही. माझी आईही नदीवरच धुणं धुवायची. फक्त सांगावंसं वाटलं.

---

शिवारातला | सोमवार, सकाळी ८.१०

बाई, तुम्ही हे आजच लिहिलंत म्हणून बरं झालं. आमच्याकडं सोमवारी औत धरत नाहीत, त्यामुळं ट्रॅक्टर धुवायला सगळे सोमवारीच तळ्यावर येतात. घाटापासून पाण्यावर डिझेलचा रंगीबेरंगी तवंग पसरतो. जातोच आता.

---

शिवारातला | सोमवार, दुपारी १.४०

सविस्तर लिहितो, कारण सगळं सरळ झालं नाही.

दोन ट्रॅक्टर आधीच पाण्यात होते. पोरं ओळखीची. बाजूला बोलावून आधी दुर्बीण हातात दिली. काही समजावलं नाही, नुसतं "बघ" म्हटलं. पहिल्यानं दोन मिनिटं बघितलं आणि दुसऱ्याला हाक मारली. मग थेंबाचं सांगितलं. एकानं ट्रॅक्टर लगेच मागं घेतला, बोअरवर नेतो म्हणाला. दुसरा म्हणाला, "आज एक दिवस नाही धुतला तर काय हुतंय? पण दर सोमवारी बोअरचं पाणी मला कोण देणार?" त्याचं चूक नाही. त्याच्याकडं बोअर नाही.

धुण्याच्या घाटावर आई बोलली. तिथंही एक काकी म्हणाल्या, नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, पोरांचे कपडे कुठं धुवायचे? शेवटी आईनंच वाट काढली. तळ्याच्या सांडव्याखाली ओढ्याला सध्या चांगलं पाणी आहे, दगडही आहेत. तिथं धुतलं तर फेस तळ्यात जात नाही, खाली वाहून जातो. चारजणी उचलून तिकडं गेल्या. दोघी नाही गेल्या.

फेस ओढ्यात गेला म्हणजे प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. ओढा पुढं बळ्ळारी नाल्याला मिळतो आणि त्याचं पाणी दर पावसाळ्यात भातात शिरतं, ते आम्हीच भोगतोय. पण आज तरी तळ्याचा मधला भाग स्वच्छ आहे आणि तो तिथं गिरक्या घेतोय.

---

विज्ञानाची_बाई | सोमवार, दुपारी २.०५

आईंना माझा नमस्कार सांगा. मुलांना घेऊन यायची फार इच्छा आहे, पण चाळीस मुलं काठावर उभी केली तर तो थांबणार नाही. जमलं तर तळ्याचं बाटलीभर पाणी पाठवाल का? आमच्याकडे फोल्डस्कोप आहे, घडी घालून करायचा कागदी सूक्ष्मदर्शक. तो ज्यांनी तयार केला तेही मनु प्रकाशच. त्या पक्ष्याच्या थेंबात काय असतं ते मुलांना त्याच माणसाच्या भिंगातून दाखवता येईल.

---

वाटसरू_फोटो | सोमवार, दुपारी ४.३०

अभिनंदन! नेमकं ठिकाण टाकाल का? नकाशावरचा बिंदू दिला तरी चालेल. उद्या पहाटे आम्ही सहाजण गाडीनं येऊ शकतो.

---

खानापूरकर | सोमवार, संध्याकाळी ५.१५

शिवारातला, टिलवा म्हणालो ते चुकलं, कबूल. पण आता एक गोष्ट अनुभवावरून सांगतो. ठिकाण टाकू नका.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका पाणथळीत रंगीत पाणलाव्याचं घरटं सापडलं होतं. त्या जातीतही नरच अंडी उबवतो. मी आनंदानं जागा सगळ्यांना सांगितली. तिसऱ्या दिवशी गेलो तर फोटोत आडवं येणारं गवत कुणीतरी विळ्यानं कापून टाकलेलं. घरटं उघडं पडलं होतं आणि अंडी नव्हती. कावळ्यानं नेली की कुणी, कळलं नाही. नर दोन दिवस त्याच जागेभोवती फिरत होता. ते मी विसरलेलो नाही.

वाटसरू, तुमच्यावर रोख नाही. तुम्ही काळजीनं बघणारे असाल. पण बिंदू एकदा टाकला की तो तुमच्यापुरता राहत नाही.

---

टिबुकली | सोमवार, संध्याकाळी ५.४०

खानापूरकरांशी सहमत. आणि हे पिल्लू इथं चरबी साठवायला थांबलंय. दर वेळी घाबरून उडालं की साठवलेलं खर्च होतं. आधीच म्हशी आहेत, घार आहे.

वाटसरूदादा, बघायचंच असेल तर आपापल्या गावची तळी बघा, हे मी मनापासून सांगतेय. एकाच पावसात एकच पक्षी ढगात सापडला असेल असं कशावरून? किल्ला तलाव, राकसकोप, हिडकलचा फुगवटा, निपाणीचा जवाहर तलाव. सगळीकडे पाण्याच्या मधोमध बघा. आपण नेहमी काठ बघतो, कारण सगळे पक्षी काठाला असतात.

---

वाटसरू_फोटो | सोमवार, रात्री ८.२०

समजलं. बिंदू नको. उद्या आम्ही हिडकलला जातो.

---

धुपदाळ_बंधारा | सोमवार, रात्री ९.५५

नमस्कार. मी गोकाकचा, घरी कन्नड, शाळा कन्नड. मराठी बाजारात शिकलो, चूक झाली तर सांभाळून घ्या. आमच्या घटप्रभा पक्षीधामाजवळ, धुपदाळच्या बंधाऱ्यावर मी बरेच पक्षी बघितलेत, पण हा नाही. तुमचा फोटो आमच्या अज्जीला दाखवला आणि कसा फिरतो ते हातानं करून दाखवलं. ती म्हणाली, "बुगुरी हंग तिरगतैति." भोवऱ्यासारखं फिरतंय, असं.

मला वाटतं हेच नाव चांगलं. बुगुरी हक्की. भोवरा पक्षी. तुमच्यात याला काय म्हणतात?

---

निपाणीकर | सोमवार, रात्री १०.२०

अज्जींनी फार नेमकं नाव दिलं! आपल्या लोकांच्या तोंडी या पक्ष्याला नाव असण्याचं कारण नाही, तो वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले ध्रुवाकडे. मला 'भिंगरी' सुचलं होतं, पण ते नाव आपल्याकडे पाकोळीसारख्या उडणाऱ्या पक्ष्यांसाठी आधीच वापरात आहे. घोळ होईल. 'पाणभोवरा' कसं वाटतं?

---

शिवारातला | मंगळवार, सकाळी ७.५०

पाणभोवरा. आईला आवडलं. आमच्या गल्लीतली पोरं कालपासून "भवरा आला, भवरा आला" म्हणतायतच.

आज पहाटे धुकं होतं. सात वाजेपर्यंत काही दिसलं नाही, काळजी वाटली. मग धुक्यातून आधी पाण्यावरची वर्तुळं दिसली, नंतर तो. बाटलीभर पाणी शाळेकडं पाठवलंय.

---

विज्ञानाची_बाई | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

पाणी पोचलं! एका थेंबात दोन पाणपिसवा आणि एक सायक्लॉप्स (एका डोळ्याचा इवलासा पाणजीव), त्याच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तो हे सगळं डोळ्यांनी बघून खातो की अंदाजानं?" मी म्हटलं, बघून टिपतो. ती म्हणाली, "मग फिरताना त्याला चक्कर कशी येत नाही?" सगळा वर्ग उठून गिरक्या घ्यायला लागला.

---

कोल्हापुरी_दुर्बीण | मंगळवार, रात्री ९.००

प्रवासाचं एक सांगायचं राहिलं होतं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर काही फॅलरोपांना प्रकाश मोजणारी इवलीशी यंत्रं बांधली होती. एक पक्षी पुढच्या वर्षी यंत्रासकट परतला. सगळ्यांचा अंदाज होता की तोही स्कँडिनेव्हियातल्या पक्ष्यांसारखा अरबी समुद्रावर जात असेल. तो निघाला अटलांटिक ओलांडून थेट प्रशांत महासागरावर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर जाणारा. जाऊन-येऊन २५,००० किलोमीटर. एकाच जातीचे, जवळजवळच्या प्रदेशातले पक्षी, आणि समुद्र वेगळे.

शिवारातला, ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, नोंद करा, पण पक्षी निघून गेल्यावर. तारीख मागची टाकता येते. ॲप दुर्मीळ म्हणून खूण करील आणि तपशील मागेल, तेव्हा वहीतलं तसंच्या तसं लिहा. ५१ गिरक्यांसकट.

---

वाटसरू_फोटो | बुधवार, दुपारी १२.१०

हिडकलला मंगळवारी दिवसभर पाण्याच्या मधोमध बघितलं. पाणभोवरा नाही मिळाला. पण ४० चित्रबलाक आणि नकट्यांची तीन जोडपी मिळाली. नकटे मी पहिल्यांदाच बघितले.

---

शिवारातला | गुरुवार, सकाळी १०.३०

काल रात्री आभाळ निवळलं होतं, बऱ्याच दिवसांनी चांदण्या दिसल्या. पाळीवर जाताना मनात आलंच होतं. आज सकाळी सातपासून साडेनऊपर्यंत थांबलो. टिबुकल्या आहेत, अडई आहेत, तो नाही. सांडव्याच्या बाजूनं फिरून आलो, पाणकणसातही बघितलं. पिसं वगैरे कुठं दिसली नाहीत.

रविवार ते बुधवार, चार दिवस होता. नोंद टाकली. तपशील मागितला, वहीची दोन पानं उतरवून दिली.

भात पोटरीला आलंय, आईला आजपासून शेतात जायचंय. जाता जाता तिनं विचारलं, "गेलं काय गा ते? समुद्र किती लांब म्हणालास?" शंभर किलोमीटरच्या आत, म्हटलं. म्हणाली, "मग रात्रीत पोचलं असंल न्हवं." आणि मग, "धुणं मी तिकडंच धुणार आता, दगड बरा आहे तिथला."

बोअर नसलेल्या पोराचा सकाळी फोन आला होता. पाखरू गेलं तर सोमवारी ट्रॅक्टर आणू का म्हणून. सांडव्याखाली उतरायला रस्ता नीट नाही, ट्रॅक्टर जात नाही. दोघं मिळून रविवारी मुरूम टाकून बघणार आहोत.

---

वेंगुर्ल्याचो | गुरुवार, सकाळी ११.१५

आमची बोट शनिवारी पहाटे सुटतली. फेसाच्या रेघेवर नजर ठेवतंय. सोनेरी रेघांचो एखादो दिसलो तर हयच लिवतलंय.